लिंबापर्यंतची मोटार

परभणी
ता. १६ जानेवारी १९४६

मनू,

आशीर्वाद पहिल्या ओळीतच देऊन टाकते, म्हणजे पुढे कामाचं लिहिता येईल.

लढाईत बंद पडलेली ताडकळसची मोटार सोमवारपासून पुन्हा सुरू झाली. ऐकीव सांगत नाही. शाळा सुटल्यावर अड्ड्यावर जाऊन पाहून आले. मागे कोळशाची शेगडी बांधलेली ती धुरकट मोटार नव्हे. ही पेट्रोलवर चालते, बाकांना गाद्या आहेत आणि पुढची जागा बायकांसाठी राखलेली आहे. दुपारी इथून सुटते, रात्री तिकडेच मुक्काम करते, सकाळी परत निघते.

येत्या वैशाखात गोविंदाला जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हा मोटार चालू असती तर निरोप मिळाला त्याच दिवशी तू इथे पोचली असतीस आणि भावाचं तोंड तरी पाहिलं असतंस. तू आश्रुबाच्या बैलगाडीतून उतरलीस तेव्हा आम्ही स्मशानातून परतून, अंघोळी करून बसलो होतो. ते मी विसरलेले नाही. वर्षभर अर्जावर अर्ज केले ते त्यासाठीच.

तेराव्यानंतर तू बोरवाडीला गेलीस ती गेलीसच. गोविंदाची खोली झाडून ठेवली आहे. कस्तुराबाई सकाळी धुणंभांडी उरकून जाते; त्यानंतर घरात आवाज असतो तो घड्याळाचा. मोटार नाही ही सबब आता उरली नाही. ये, आणि महिनाभर राहा.

तुझी आक्का

ता. क. तुझं अक्षर पुन्हा बिघडलं आहे. सुटीत पुण्याहून येऊन मी तुझ्याकडून गिरवून घेतलं ते असं नव्हतं.


बोरवाडी
माघ शुद्ध पंचमी

आक्का,

पाया पडते. पत्र पोचलं.

मोटार सुरू झाल्याचं आश्रुबानंही सांगितलं. ताडकळसच्या बाजाराला गेला होता. आल्या आल्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "काकू, मोटार आली खरी, पर आपल्यासाठी न्हाई. ताडकळसहून वर माळानं जायलीय, आबासाहेब देशमुखाच्या दारावरून. आपून खालच्या वाड्यांचे लोक. आपल्याला नुसता भोंगा ऐकू येतो, तेवढाच आपला वाटा."

लढाईच्या आधी ती खालच्या रस्त्यानंच यायची, आठवतं का तुला? ओढा ओलांडून आमच्या वाडीच्या लिंबाखाली थांबायची. दिवाळीच्या तोंडावर दादा त्या मोटारीतून उतरायचा. कायम सगळ्यांच्या शेवटी. आधी टोपी काढून धूळ झटकायचा, मग तिथूनच, सगळी वाडी ऐकेल असं ओरडायचा, "बांधलं का बोचकं?" शेजारची चतुराबाई अजून त्याची नक्कल करते.

आता ताडकळसपर्यंत जायचं म्हटलं तर गाडी जुंपावी लागते. सुगीत कोणाचे बैल मागायचे? ह्यांचं तुला ठाऊकच आहे. तीन गावची भिक्षुकी, आज इथं सत्यनारायण, उद्या तिथं बारसं. घरी आले की जेवतात, पंचांग पाहतात आणि निजतात. ऐकूही कमी यायलंय. दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येतो.

सवड झाली की बघू.

मनू


परभणी
ता. २० फेब्रुवारी १९४६

मनू,

रस्त्याची अडचण आहे तर रस्ता बदलू. त्यात सुस्कारे टाकण्यासारखं काही नाही.

मोटार खात्याच्या साहेबांना भेटले. अर्ज उर्दूत लागतो. मजकूर मी चार ओळींचा सांगितला. अर्जनविसाने त्याला इतके दागिने घातले की अर्धं पान साहेबांच्या मेहेरबानीतच संपलं. साहेब मात्र शहाणा माणूस. म्हणाले, "बाई, खालची जमीन काळी. चाक रुतलं की मोटार तिथंच. माळ टणक आहे." मी म्हटलं, "माळ टणक आहे, पण माळावर माणसं राहत नाहीत. एक देशमुख राहतात आणि त्यांच्या दारात घोडागाडी उभी असते. खाली वाड्याच वाड्या आहेत आणि त्यांच्या दारात चिखल." साहेब हसले. मग त्यांनी अट सांगितली. ओढ्यापासून लिंबापर्यंतच्या रस्त्यावर गावकऱ्यांनी मुरूम टाकला, तर उघडिपीचे आठ महिने मोटार खालून येईल. पावसाळ्यात ताडकळसला थांबेल.

तेव्हा आश्रुबाला म्हणावं, भोंगा ऐकायचा नसेल आणि मोटारीत बसायचं असेल, तर फावडं उचल. अर्जावर खालच्या सगळ्या वाड्यांचे अंगठे हवेत. बन्सीधरपंत गावोगाव फिरतातच. पंचांगाबरोबर हा कागदही न्यावा.

मी बरी आहे. माडीवरचा वर्ग दुसऱ्या बाईंना दिला. वर-खाली करण्यात वेळ फार जातो.

आक्का


बोरवाडी
चैत्र वद्य तृतीया, शके १८६८

आक्का,

पाया पडते.

तुझी मोटार आली. आता सगळं सांगते.

मुरूम माळावरून आणला. आश्रुबानं पहिली गाडी ओतली, मग बाकीच्यांना लाज वाटून त्यांनीही गाड्या जुंपल्या. बायकांनी टोपल्या वाहिल्या. मी पाण्याचे हंडे भरून ठेवले. आबासाहेबांचा माणूस घोड्यावरून आला आणि बघत उभा राहिला. म्हणाला, "काय चाललंय?" चतुराबाई डोक्यावरची टोपली न उतरवताच म्हणाली, "तुमच्या दारातली मोटार आमच्या दारात न्यायलो. वाईट वाटत असंल तर तुमी बी या लिंबाखाली, आमी जागा देऊ." तो घोडा वळवून गेला.

मोटार आली तेव्हा ओढ्यात तिचं नाक खाली गेलं, आणि मग ती वर निघाली. ह्यांनी नारळ फोडला. चतुराबाईनं मोटारीला हळदकुंकू लावलं. कंडक्टर माणिकराव, टोपी तिरकी, तोंडात पान. म्हणाला, "पूजा झाली असेल तर सकाळी बसायला या." सकाळी सगळी वाडी जमली, पण बसलं कोणी नाही. एकटा आश्रुबा चढला, ओढ्यापर्यंत गेला आणि उतरून चालत परत आला. चतुराबाईनं विचारलं, "काय भावजी, परभणी बघून आला का?" तर म्हणतो, "लय गर्दी होती, परत आलो."

आता संध्याकाळी भाकरी झाल्या की मी लिंबाखाली जाऊन बसते. परवा कापडाचा गठ्ठा घेऊन एक मारवाडी उतरला. काल तहसिलीचा शिपाई उतरला, त्याच्या एका पायात जोडा नव्हता, का ते सांगेना. आज कोणी उतरलं नाही. माणिकराव खाली येऊन चूळ भरून गेला.

तुझे उपकार वाडी विसरणार नाही.

मनू


परभणी
ता. ८ मे १९४६

मनू,

उपकाराचं पुरे. मोटार दारात आणून दिली, मग तू आहेस कुठे?

मी पत्रातून विचारते कधी निघतेस, आणि तू लिहितेस एका पायात जोडा नसलेला शिपाई उतरला. मला त्या शिपायाचं काय करायचं आहे? रोज लिंबाखाली जाऊन बसायला तुला वेळ आहे. तिथेच मोटार उभी असते. सकाळी त्याच लिंबाखाली जायचं, आणि बसण्याऐवजी चढायचं, एवढाच फरक. कोण उतरलं ते लिहिणं आता बंद कर. कोण चढलं ते लिही, आणि त्यात तुझं नाव असू दे.

गोविंदाचं श्राद्ध तिथीला करवून घेतलं. भटजी, मी आणि एक रिकामा पाट. तू येशील म्हणून मांडला होता.

शाळेला सुटी लागली आहे. घराची दारं-खिडक्या दिवसभर लावून बसते, ऊन फार आहे. मृगाच्या आधी ये. पुढे चार महिने मोटार तुमच्याकडे येणार नाही.

आक्का


बोरवाडी
भाद्रपद शुद्ध द्वादशी

आक्का,

पाया पडते. मधे तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, रागावू नकोस.

वैशाखात निघणार होते. मग ह्यांना ताप आला. ताप उतरला तोवर पाऊस लागला आणि मोटार ताडकळसला थांबायला लागली. आता ओढ्याला पाणी आहे. मुरूम पुष्कळ वाहून गेला, पण आश्रुबा म्हणतो, दसऱ्याआधी पुन्हा टाकू.

नागपंचमीला वाडीत बरीच माणसं आली, सगळी चिखल तुडवत. चतुराबाईच्या सुनेचा भाऊ आला तो कमरेपर्यंत भिजून. धोतराचा रंग ओळखू येईना. चतुराबाई त्याला म्हणाली, "बहिणीला न्यायला आलास का म्हशीला?" पोरगी आतून पळत आली आणि तशा चिखलातच त्याच्या पायाला बिलगली. मग भाकरी बांधून दोघं चिखलातूनच गेली. लिंबाच्या पुढे गेल्यावर पोरगी मागं वळून हसली. इतकी हसरी आहे हे मला ठाऊक नव्हतं. सासरी कधी दात दिसले नाहीत तिचे.

मोटार येत नाही तरी मी संध्याकाळी लिंबाखाली जाते. पाय आपोआप जातात. तिथं बसलं की रस्ता दूरवर दिसतो.

तू काय करतेस? जेवतेस ना वेळेवर?

मनू


परभणी
ता. २८ सप्टेंबर १९४६

मनू,

स्पष्ट लिहिते.

साहेबांनी बोलावलं होतं. उन्हाळ्यात खालच्या रस्त्यावरून मोटार रिकामी गेली आणि रिकामी आली, असं त्यांनी सांगितलं. पुरुष बाजाराला आपापल्या गाड्या घेऊन जातात, कारण पोती मोटारीत मावत नाहीत. ते मला कळतं. पण बायका? त्या तर कुठेच जात नाहीत. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा मान राखून दिवाळीपर्यंत पाहतो. नाहीतर मोटार माळावरून जाईल." यात त्यांचं काही चुकत नाही. रिकाम्या मोटारीत सरकार पेट्रोल किती दिवस जाळणार?

मी मान खाली घालून उठले. आयुष्यात मी फार ठिकाणी मान खाली घातलेली नाही. ज्या बहिणीसाठी मी हा रस्ता ओढून आणला, ती बहीण एकदाही त्या मोटारीत बसली नाही, हे मी साहेबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? ताप, पाऊस, बैल, सुगी. तुझ्याजवळ कारणांची पेटी भरलेली आहे. येण्याची इच्छा नसेल तर तसं सरळ लिही. मला खरं ऐकायची सवय आहे.

गेल्या आठवड्यात मी गोविंदाची खोली कुलूप लावून बंद केली. रोज झाडून काय उपयोग?

आक्का


बोरवाडी
आश्विन शुद्ध अष्टमी

आक्का,

तुझं पत्र वाचून मला राग आला. म्हणून लगेच लिहिलं नाही. अजून थोडा आहे, पण लिहिते.

तू कॉलेजात शिकलीस. आगगाडीनं एकटी पुण्याला गेलीस आणि एकटी परत आलीस. तुला कोणी विचारलं नाही की काय झालं. आमच्या वाडीची रीत तुला कोणी सांगितली नाही, म्हणून आता मीच सांगते. बाई आपण होऊन माहेरी जात नाही. माहेरचं माणूस न्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याबरोबर गेली ती माहेरवाशीण. एकटी गाठोडं घेऊन निघाली, की वाटेत दिसेल तो विचारतो, काय झालं? भांडलीस का? कोणी हाकललं? चतुराबाईची नणंद आईला ताप आला म्हणून एकटीच निघून गेली होती. परत आली तेव्हा सासरा दारात उभा राहून म्हणाला, "गेली तशी आली व्हय? आता तिकडंच ऱ्हायचं होतं." आई बरी झाली, पण पोरीला घरात घ्यायला अख्खा पावसाळा लागला.

पंचमीचं मी तुला लिहिलं होतं, ते वाचलंस की नुसतं अक्षर तपासलंस?

साहेबांना सांग, मोटारीत काही खोट नाही आणि बायकांतही नाही. वाडीतून बाई निघायला आधी वाडीत कोणी यावं लागतं. मोटार इथून नाही भरायची. तिकडून भरून आली, तर इथून भरून जाईल.

आणि मी लिंबाखाली बसते तर बसू दे मला.

मनू


परभणी
ता. १४ ऑक्टोबर १९४६

मनू,

शाबास. दहा महिन्यांत मला जे सुचलं नाही ते तू एका पत्रात सांगितलंस. मी वर्गात मुलींना शिकवते की प्रश्न उलटा धरला तर उत्तर सापडत नाही, आणि स्वतः उलटा धरून बसले होते.

कामाला लागले आहे. तुमच्या खालच्या वाड्यांत दिलेल्या मुलींची माहेरं कुठे कुठे आहेत, ते इथल्या बाजारात बसून विचारून घेतलं. बहुतेक मोटारीच्या वाटेवरचीच गावं निघाली. तिथल्या मास्तरांना आणि पाटलांना पत्रं टाकली. परभणीच्या बाजारात दवंडी पिटवली. दवंडीवाला विचारत होता, "बाई, काय म्हणू?" मी म्हटलं, म्हण, लेकी वाट पाहतात, चिखल नाही, मोटार थेट लिंबापर्यंत जाते. त्याने "लेकी वाट पाहतात" एवढंच इतक्या सुरात म्हटलं की दोन म्हातारे तिथेच डोळे पुसायला लागले.

साहेबांनाही भेटले. दिवाळीत मोटार भरलेली दिसली तर रस्ता कायम राहील, असा शब्द घेतला आहे.

आता मोटार भरून येईल. तुझी वाडी तुला दुवा देईल. मी दिवाळीभर घरीच आहे, कुठे जायची नाही.

आक्का


बोरवाडी
कार्तिक शुद्ध तृतीया

आक्का,

पाया पडते.

मोटार भरून आली. धनत्रयोदशीला आली, नरकचतुर्दशीला आली, पाडव्यालाही आली. टपावरसुद्धा माणसं होती. मुरूम नवा टाकला होता, ओढ्यातून अशी सरळ वर आली की आश्रुबानं स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

सगळी वाडी लिंबाखाली होती. एकेक उतरायला लागला आणि एकेका घरातून आवाज उठायला लागला. चतुराबाईच्या सुनेचा भाऊ आला, या खेपेला कोरड्या धोतरानं. खुद्द चतुराबाईलाही तिचा भाचा न्यायला आला. तिला माहेरी जाऊन किती वर्षं झाली ते तिलाही सांगता येईना. त्याला म्हणाली, "कशाला आलास मेल्या, आता माझी हाडं न्यायला आलास का?" आणि बोलता बोलता तोंडाला पदर लावून खालीच बसली. भाचा घाबरला. म्हणाला, "आत्या, परत जाऊ का मी?" तर त्याची बाही सोडीना.

सगळे उतरले. माणिकराव खाली आला, चूळ भरली. मी बसलेली त्याला दिसली. म्हणाला, "काकू, झाले सगळे. तुमचं कोण यायचं होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. मोटार बघायला आले होते."

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मोटार बायकांनी भरून गेली. नव्या लुगड्यांचा वास लिंबापर्यंत येत होता. चतुराबाई खिडकीतून मला म्हणाली, "काकू, तुमी बी चला, मांडीवर घेते तुमाला." सगळ्या हसल्या. मी पण हसले. ह्यांनी कधी नाही ते विचारलं, "तूही जातेस का? जागा करतील." मी म्हटलं, "कोणाबरोबर?" त्यांना ऐकू आलं नाही बहुतेक. पंचांग उघडून बसले.

वाडीत आता बायका नाहीत. दुपारी ओट्यावर बसावं, तर समोरचे सगळे ओटे मोकळे. हाक मारायची म्हटली तर कोणाला मारू? तुझी मोटार वाचली आक्का. कायमची. साहेबांना माझाही नमस्कार सांग.

मी या वर्षी बोचकं बांधलं होतं. तुझं दवंडीचं पत्र आलं त्या दिवशीच बांधलं. काल सोडलं. लुगडी परत पेटीत ठेवली.

मनू


परभणी
ता. १ नोव्हेंबर १९४६

मनू,

तुझं पत्र शाळेत मिळालं. वाचलं आणि वर्ग सोडून दिला. मुलींना कारण सांगितलं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि सासरी पाठवायच्या आधीच ते संपलं. सासर मी पाहिलं नाही. त्यामुळे मला न्यायला कधी कोणी आलं नाही, आणि न्यायला जावं लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गोविंदा दर दिवाळीला तुला आणायला निघायचा तेव्हा मी त्याला दारात अडवून सांगायची, "एका माणसाला आणायला दुसऱ्याने कशाला जायचं? पत्र टाक, येईल ती." तो हसायचा, टोपी घालायचा आणि निघायचा. मला वाटायचं, त्याला मुद्दा पटला पण सवय सुटत नाही.

अख्ख्या तालुक्याला मी मुराळी धाडले, आणि तुला लिहिलं की मी घरीच आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं आहे. माझे गुडघे गेले आहेत. माडीवरचा वर्ग सोडला तो त्यासाठी. जानेवारीत अड्ड्यावर गेले ती मोटार पाहायला नव्हे. त्याच दिवशी बसून तुझ्याकडे यायचं होतं. पायरी उंच निघाली. पाय उचलला जाईना आणि माणसं पाहत होती. तेव्हा मी मोटारीची तपासणी करायला आल्यासारखी गाद्या दाबून पाहिल्या, दोन प्रश्न विचारले आणि घरी आले. तुला लिहिलं, तू ये.

आज शाळेतला जाड पाट घेऊन अड्ड्यावर गेले होते. पायरीखाली ठेवला की चढता येतं. माणिकरावांसमोर चढून दाखवलं. अड्डाभर माणसं पाहत होती. या खेपेला पाहू दिलं. उतरताना मात्र कोणाचा तरी हात लागतो. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे, आज संध्याकाळी तुला मिळेल.

उद्याच्या मोटारीने मी येते. दिवाळी सरल्यावर मुराळी येतो का आणि बाई मुराळी होते का, ते वाडीने खुशाल ठरवत बसावं. चतुराबाई परत आली की तिला माझ्याशी बोलू दे. बन्सीधरपंतांना, तुला न्यायला आले आहे असं मी सांगेन, मोठ्याने सांगेन, म्हणजे ऐकू येईल. एक मुक्काम करू. गोविंदाला तू काय करून वाढायचीस ते मला ठाऊक नाही. तेच कर. परवा सकाळी दोघी निघू. खोलीचं कुलूप काढलं आहे.

लिंबाखाली ये. सगळे उतरून गेले तरी उठू नकोस. मी शेवटी उतरेन. पाट माणिकराव खाली ठेवतील. हात तू दे.

बांधलं का बोचकं?

आक्का